सिग्नल नवा, चौक तोच: वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

मागच्या अंकात जुने ट्रॅफिक सिग्नल काढून नवे बसवतायत यावर चार ओळींची बातमी छापली होती आणि त्यावर एवढे प्रश्न आले की पाणीकपातीच्या बातमीवर पण येत नाहीत. सिग्नलच्या मेंटेनन्समध्ये बरीच वर्षं घालवलेला माणूस म्हणून उत्तरं द्यायचं काम माझ्याकडे आलंय. सारखे प्रश्न एकत्र केलेत, शिव्या गाळल्यात.

प्रश्न: आमच्या चौकात नवे खांब आले, नवे एलईडी दिवे आले, रस्त्यावर हात काढून उभा राहतो तसला मोठा पोल पण आला. लांबून मस्त दिसतं. पण रांग जिथपर्यंत यायची तिथपर्यंतच येते, उलट कधी कधी जास्तच. मग बदललं काय नक्की?
(रोज ऑफिसला जाणारे एक वाचक)

उत्तर: दिवे बदलले. तेवढंच बदललं असेल तर रांग कमी व्हायचं काही कारणच नाही. सिग्नल म्हटलं की आपल्याला तीन रंग दिसतात पण ते या कामातलं सगळ्यात सोपं आणि उद्घाटनाच्या फोटोत सगळ्यात छान येणारं प्रकरण. खरा सिग्नल फुटपाथवरच्या त्या राखाडी पेटीत असतो, जिच्यावर क्लासच्या आणि पेइंग गेस्टच्या जाहिराती चिकटवलेल्या असतात. तो कंट्रोलर. कुठल्या बाजूला किती सेकंद हिरवा, सकाळी किती, दुपारी किती, संध्याकाळी किती, हा सगळा प्लॅन त्याच्यात भरलेला असतो. आता होतं काय, की नवा कंट्रोलर येतो आणि जुन्याचेच आकडे त्याच्यात जसेच्या तसे भरले जातात, कारण चौकात माणसं उभी करून गाड्या मोजणं, किती सरळ जातात किती उजवीकडे वळतात हे लिहून घेणं, हे कंटाळवाणं काम असतं आणि त्याचा फोटो येत नाही. मधल्या काळात तिथं मॉल झाला असेल, शेजारचा रस्ता वन-वे झाला असेल, मेट्रोचं स्टेशन आलं असेल, पेटीला त्याचा पत्ताच नाही.

थोडं गणित सांगतो, अवघड नाहीये. रस्त्यांची मानकं ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसच्या पद्धतीत एक ठोकताळा वापरतात की हिरव्या दिव्यात रस्ता जेवढे मीटर रुंद, गुणिले 525, एवढी वाहनं तासाला सुटू शकतात. वाहनं म्हणजे सगळं कारच्या हिशोबात, दुचाकी साधारण अर्धी कार, बस दोन-तीन कार असं धरून. म्हणजे साडेदहा मीटरचा रस्ता असेल तर साडेपाच हजार. पण हे तासभर सलग हिरवा असेल तर! 120 सेकंदांच्या फेऱ्यात (सगळ्या बाजूंना एकेकदा हिरवा मिळाला की एक फेरा) तुमच्या बाजूला 30 सेकंद मिळत असतील तर चौथा हिस्सा, म्हणजे 1375 च्या आसपास. आता त्या रस्त्याच्या कडेला बरोब्बर स्टॉप लाइनपाशी वडापावची गाडी, तीन रिक्षा आणि 'दोन मिनिटांत येतो' म्हणून लावलेली एक कार असेल, तर साडेतीन मीटर गेले. राहिले सात. मग तुमचा आकडा 920 वर आला. तेवढ्या वेळात येतायत समजा 1200. आता दिवा एलईडीचा लावा नाहीतर हिऱ्याचा लावा, दर तासाला 280 गाड्या मागे साठत जाणार.

म्हणून मला विचाराल तर स्टॉप लाइनच्या मागचे 50 मीटर मोकळे करणं, बस स्टॉप चौकाच्या तोंडावरून थोडा पुढे-मागे सरकवणं, यातून जे मिळतं ते नव्या खांबातून मिळत नाही. आणि ते स्वस्त आहे. कदाचित म्हणूनच होत नाही 😄

एक मात्र खरं की हे ठोकताळे मुळात लेनमध्ये शिस्तीत चालणाऱ्या गाड्यांवरून आलेत. सायकल टाइम, म्हणजे फेरा किती सेकंदांचा ठेवायचा, ते काढायचं जे सूत्र जगभर वापरतात ते वेबस्टर नावाच्या इंग्लिश माणसाचं, 1958 सालचं. आपल्याकडे लाल असताना सगळ्या टू-व्हीलर फटीफटीतून पुढे येऊन थांबतात आणि हिरवा पडला की पहिल्या काही सेकंदांत एकदम सुटतात, ते त्या सूत्रात कुठून येणार. आपल्या रस्त्यांवर मोजून केलेले आकडे सीआरआरआय या केंद्रीय रस्ते संशोधन संस्थेने 2017 मध्ये इंडो-एचसीएम म्हणून काढलेत. नवा सिग्नल बसवणाऱ्याने ते उघडून बघितलेत का, हे विचारायला हरकत नाही.

प्रश्न: एलईडीने वीज वाचते हे खरं की नुसतं टेंडरचं निमित्त? आमच्याकडे उन्हाळ्यात नवेच दिवे अर्धे अर्धे बंद पडलेले दिसतात.
(विदर्भातून एक वाचक)

उत्तर: वाचते, यात खोट नाही. चार रस्त्यांचा चौक, प्रत्येक बाजूला दोन डोकी (तीन दिव्यांचा एक डबा म्हणजे एक डोकं), म्हणजे आठ डोकी आणि प्रत्येकात कुठला तरी एक दिवा कायम पेटलेला. जुना बल्ब 100 वॉटचा धरला तर 800 वॉट, दिवसाला 19 युनिटच्या वर. एलईडी 12 वॉटचा धरा, झाले सव्वादोन युनिट. म्हणजे एका साध्या चौकात रोजचे 17 युनिट वाचतात, शहरभर धरलं तर लहान आकडा नाही.

दुसरा फायदा वीजबिलात दिसत नाही. जुन्या दिव्यात बल्बच्या मागे चकचकीत आरसा असायचा. संध्याकाळी तुम्ही पूर्वेकडे चाललाय, पाठीमागून तिरकं ऊन थेट सिग्नलवर पडतंय, की त्या आरशामुळे बंद असलेला दिवा पण पेटल्यासारखा वाटायचा. तिन्ही रंग एकदम! एलईडीत हा प्रकार बराच कमी होतो. शिवाय बल्ब उडाला की खलास, एलईडीत ठिपक्यांचा गुच्छ असतो, चार गेले तरी रंग कळतो.

अर्धे अर्धे बंद पडतात त्याचं कारण बहुतेक वेळा एलईडी नसतोच, त्याला वीज पुरवणारा आतला ड्रायव्हर असतो. 45 डिग्रीचं ऊन, वर काळा डबा, आत हवा खेळत नाही, ड्रायव्हर पहिला मान टाकतो. स्वस्तातला घेतला की दोन उन्हाळ्यांत कळतं. एलईडी अमुक हजार तास चालतो हे डब्यावर लिहिलेलं असतं, ते ठिपक्याचं वय, ड्रायव्हरचं नाही.

प्रश्न: माझं वय 74. रस्त्याच्या मध्यावर येतो न येतो तोच पलीकडचा सिग्नल सुटतो आणि गाड्या अंगावर येतात. नव्या सिग्नलमध्ये चालणाऱ्यांसाठी काही केलंय का, की हिरवा माणूस नुसता शोभेला?
(ज्येष्ठ वाचक)

उत्तर: काका, तुमचं रडगाणं नाहीये हे, हिशोबातच गडबड आहे. चालणाऱ्याचा वेग सेकंदाला 1.2 मीटर धरायची पद्धत आहे. 24 मीटरचा रस्ता असेल तर 20 सेकंद. पण 1.2 हा ऑफिसला उशीर झालेल्या माणसाचा वेग झाला. गुडघे दुखणारा माणूस, हातात पिशवी, कडेवर लेकरू, ही मंडळी 0.8 ने चालतात, त्यांना 30 सेकंद लागतात. आणि अनेक चौकांत ते 20 पण मिळत नाहीत कारण गाड्यांचे सेकंद वाटून झाल्यावर जे उरतं ते चालणाऱ्यांना.

त्यात फ्री लेफ्ट. तुमचा हिरवा माणूस चालू असतो आणि डावीकडे वळणाऱ्या गाड्या थांबतच नाहीत, त्यामुळे हिरव्यात पण जीव मुठीत. माझं स्पष्ट मत, की जिथं शाळा, दवाखाना, मंडई आहे तिथं फ्री लेफ्ट बंद करावा, वळणाऱ्याचे 20 सेकंद गेले तर जाऊ देत. आणि रस्ता रुंद असेल तर मध्ये डिव्हायडरला उभं राहण्यापुरती सपाट जागा ठेवली पाहिजे, दीड-दोन मीटरची, म्हणजे दोन टप्प्यांत जाता येतं. हे सिग्नलच्या टेंडरमध्ये नसतं, रस्त्याच्या टेंडरमध्ये असतं, आणि ही दोन टेंडरं एकमेकांशी बोलत नाहीत.

तुम्ही करायचं काय, तर एका कागदावर चौकाचं नाव, कुठल्या बाजूने कुठल्या बाजूला, आणि घड्याळ लावून मोजलेले सेकंद लिहून ट्रॅफिक पोलिसांना द्या. 'वेळ कमी आहे' या तक्रारीचं काही होत नाही, '24 मीटरला 14 सेकंद' या तक्रारीला उत्तर द्यावं लागतं.

प्रश्न: नवा सिग्नल आला आणि सेकंद दाखवणारा टायमर गायब! किती थांबायचंय कळतच नाही, गाडी बंद करावी की नको? हे पुढे गेलो की मागे आलो?
(स्कूटरवाल्या वाचक)

उत्तर: ताई, यावर सगळ्यात जास्त पत्रं आलीत. टायमर काढला म्हणजे बहुतेक तो सिग्नल अ‍ॅडॅप्टिव्ह केलाय. जुन्या सिग्नलला आधीच माहीत असतं की आता 45 सेकंद, म्हणून तो उलटे आकडे मोजू शकतो. नवा सिग्नल गाड्या बघून ठरवतो, समोरची बाजू रिकामी झाली तर तुमचा हिरवा लवकर पाडतो, नाही झाली तर लांबवतो. त्यालाच आधी माहीत नसेल तर तो आकडा दाखवणार कसा. काही ठिकाणी शेवटचे काही सेकंद तेवढे दाखवतात, तो मधला मार्ग.

आणि खरं सांगू का, टायमर गेला याचं मला फार वाईट वाटत नाही. लाल 5 वर आला की हॉर्न सुरू, 3 वर आला की पहिली रांग झेब्रा ओलांडून पुढे. पलीकडे हिरव्याचे 4 राहिलेत म्हणून एक जण अ‍ॅक्सिलरेटर पिळून येतोय. दोघांनाही टायमरनेच सांगितलेलं असतं! पण मोठ्या लालला इंजिन बंद करता येतं, पेट्रोल वाचतं, धूर कमी होतो, ही तुमची बाजू पण बरोबर आहे. हॉर्नवरून आठवलं, मुंबई पोलिसांनी 2020 च्या सुरुवातीला एक व्हिडिओ काढला होता, त्यात सिग्नलला आवाज मोजायचं यंत्र जोडलेलं आणि 85 डेसिबलच्या वर हॉर्न गेला की लाल पुन्हा पहिल्यापासून. वाजवा अजून! आयडिया भारी होती, पण शेवटच्या गाडीतल्या माणसाच्या हॉर्नची शिक्षा पहिल्या गाडीतल्याला, असला न्याय रोज चालवणं अवघड.

प्रश्न: हे 'अ‍ॅडॅप्टिव्ह' 'स्मार्ट' वगैरे खरंच काम करतं का? एवढे कोटी कशात जातात?
(करदाता, असं स्वतःच लिहिणारे वाचक)

उत्तर: कल्पना नवी नाही हो. सिडनीत स्कॅट्स आणि ब्रिटनमध्ये स्कूट नावाची सिस्टिम 1970 च्या दशकातच तयार झाली. आपल्या देशात तिरुवनंतपुरमच्या सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेने कोसिकॉस्ट नावाची बनवली, बंगळुरू ती वापरतंय. मुंबईत जागतिक बँकेच्या पैशातल्या एमयूटीपी या शहर वाहतुकीच्या प्रकल्पात अडीचशेच्या आसपास चौक एका कंट्रोल रूमला जोडले. पुण्यात स्मार्ट सिटीतून सव्वाशेच्या आसपास चौकांचं काम निघालं. म्हणजे जादू नाही आणि बनवाबनवी पण नाही.

काम करायला तीन गोष्टी लागतात. पहिली, डोळे. गाड्या किती आल्या हे बघायला एक तर डांबराखाली तारेची वेटोळी पुरतात नाहीतर खांबावर कॅमेरा किंवा रडार लावतात. वेटोळ्याचं आपल्याकडे काय होतं तुम्हाला माहितीये: पाइपलाइनवाला खणतो, केबलवाला खणतो, रस्ता खात्याचा रोलर वरचा थर खरवडतो आणि वेटोळं तुटतं. म्हणून हल्ली कॅमेरा. पण कॅमेऱ्याची काच कोणीतरी पुसायला लागते, समोर वाढलेली गुलमोहराची फांदी कोणीतरी छाटायला लागते, आणि वाढदिवसाच्या शुभेच्छांचा फ्लेक्स कोणीतरी काढायला लागतो, ते कोणाची हिंमत आहे तर. डोळे गेले की सिस्टिम गुपचूप जुन्या ठरलेल्या सेकंदांवर जाते. सिग्नल चालूच असतो, लाल-हिरवा होत असतो, बाहेरून कोणाला काही कळत नाही. कोटींचा सिग्नल साध्या सिग्नलसारखा चालतोय हे ओळखायची युक्ती: दुपारी शुकशुकाट असताना उभे राहा, समोरची बाजू रिकामी असून पण दरवेळी तेवढाच वेळ थांबवत असेल तर समजा.

दुसरी, चौक एकमेकांना जोडलेले असणं. 400 मीटरवरचा पुढचा चौक, गाड्या 36 च्या वेगाने गेल्या तर 40 सेकंदांत पोचतात, तर त्याचा हिरवा 40 सेकंदांनी पडला पाहिजे, झालं, न थांबता पार. एका दिशेला हे जमतं. दोन्ही दिशांना जमवायला गेलं की अंतरं जुळत नाहीत, कोणीतरी नाराज होतो. जाणारा हिरव्यात, येणारा प्रत्येक लालला. सकाळी एका बाजूला आणि संध्याकाळी दुसऱ्या बाजूला झुकतं माप, हाच त्यातल्या त्यात बरा मार्ग.

तिसरी, जागा. चारही बाजूंनी गाड्या ठासून भरल्या असतील तर कुठल्याच अ‍ॅडॅप्टिव्हला कुणाकडून सेकंद काढून कुणाला द्यायचे हा प्रश्न सुटत नाही, कारण रिकामं कोणीच नाही. ही सिस्टिम चमकते ती सकाळी 11 ला, दुपारी, रात्री 9 नंतर. संध्याकाळी साडेसहाला तिच्याकडून चमत्काराची अपेक्षा करू नका. तेव्हा मामाच हातात सूत्रं घेतो, पेटी मॅन्युअलवर टाकतो आणि नजरेने सोडतो. नजरेच्या बाबतीत मी मामांच्या बाजूने आहे, पण एकच बाजू चार-चार मिनिटं सोडायची सवय आहे ना, त्याने मागचा चौक भरतो आणि तिथला मामा याच्या नावाने बोटं मोडतो.

प्रश्न: लाल 150-180 सेकंद. एवढा मोठा का ठेवतात?

उत्तर: समज असा की फेरा मोठा केला की वाया जाणारा वेळ कमी. थोडं खरंय, प्रत्येक बदलात सुटायला आणि थांबायला मिळून चारेक सेकंद फुकट जातात. चार बाजू म्हणजे 16. फेरा 120 चा असेल तर 13 टक्के वाया, 180 चा केला तर 9 टक्के. कमावले 4 टक्के, आणि त्या बदल्यात प्रत्येकाला पाऊण मिनिटापर्यंत जास्त थांबवलं, रांग दीडपट केली, चालणाऱ्यांचा धीर सुटून ते मधूनच घुसले. उजवीकडे वळणाऱ्यांची खास पट्टी लहान असेल तर ती भरून सरळ जाणाऱ्यांचा रस्ता अडतो, म्हणजे ते 4 टक्के पण गेले. माझ्या मते 120 च्या वर जाताना कारण लिहून द्यायला लावलं पाहिजे.

प्रश्न: पिवळ्यात गेलो तर चूक आमची का? 3 सेकंद म्हणजे काहीच नाही.

उत्तर: पिवळा 'पटकन निघा' यासाठी नाहीये, स्टॉप लाइनच्या इतके जवळ आलात की सुरक्षित थांबताच येत नाही, त्यांच्यासाठी आहे. ताशी 50 ने येणाऱ्याला भानावर यायला 1 सेकंद आणि ब्रेकचा हिशोब धरून सव्वातीन सेकंद लागतात, म्हणून 3 चा आकडा. तक्रार करायचीच तर दुसऱ्या गोष्टीची करा: पिवळ्यानंतर सगळ्या बाजू लाल असा एक-दोन सेकंदांचा वेळ असायला हवा, मोठ्या चौकात तीन, म्हणजे आत अडकलेला बाहेर पडतो. बऱ्याच ठिकाणी तो शून्य ठेवलेला असतो, लोक थांबत नाहीत म्हणून. लोक थांबत नाहीत म्हणूनच तर हवा ना!

प्रश्न: पाऊस आला की सिग्नल बंद किंवा नुसता पिवळा मिचमिचतो. मग आधी कोणी जायचं?

उत्तर: पाणी शिरतं ते जमिनीखालच्या केबलच्या जोडात आणि पेटीच्या तळाशी. चर खोदून अखंड केबल टाकायच्या ऐवजी तुकडे जोडले की पहिल्या पावसात ट्रिप होणारच. पेटी फुटपाथच्या वर उंच चौथऱ्यावर हवी, अर्थिंग नीट हवं. पिवळा मिचमिचणं मात्र दर वेळी बिघाड नसतो, ती सोय पण आहे. दोन आडव्या बाजूंना एकदम हिरवा जातोय असं कंट्रोलरला दिसलं तर तो सगळं सोडून ब्लिंकवर जातो. चांगला सिग्नल घाबरट असतो.

नियम असा की पिवळा मिचमिचत असेल तर वेग कमी करून जपून जायचं, लाल मिचमिचत असेल तर पूर्ण थांबून मग जायचं. काहीच चालू नसेल तर मोठ्या रस्त्यावरच्याला आधी, आणि दोन्ही सारखेच असतील तर उजवीकडून येणाऱ्याला आधी. प्रत्यक्षात ज्याची गाडी जुनी त्याला आधी, हे आपण सगळे जाणतो.

प्रश्न: सिग्नलच्या ऐवजी सर्कल का नाही करत? वीज नको काही नको.

उत्तर: गर्दी मध्यम असेल आणि जागा असेल तर सर्कल उत्तमच. गर्दी वाढली की आतले बाहेर पडत नाहीत आणि बाहेरचे आत घुसतात, गाठ बसते. मग सर्कलवरच सिग्नल लावतात. आपल्याकडे सर्कलमध्ये पुतळा किंवा कारंजं आलं की ते लहान पण करता येत नाही, हा वेगळाच मुद्दा.

प्रश्न: आम्ही अमेरिकेत मिनेसोटाला असतो, इथं थंडीत एलईडी सिग्नलवर बर्फ साचून रंगच दिसत नाहीत. जुने बल्ब बरे होते असं इथले लोक म्हणतात, खरंय का?

उत्तर: अगदी खरंय. जुना बल्ब बहुतेक वीज उष्णतेत घालवायचा, त्या गरमीने बर्फ वितळायचा. एलईडीची काच गार राहते. तुमच्याकडे बर्फ, विदर्भात ऊन, एकच दिवा दोन्हीकडे शिव्या खातोय.

प्रश्न: आमच्या चौकाचे सेकंद कोणी ठरवले हे कळायला मार्ग आहे का?

उत्तर: आहे. साधारणपणे खांब, केबल, दिवे हे महापालिकेच्या विद्युत विभागाकडे आणि सेकंद ट्रॅफिक पोलिसांकडे असतात, त्यामुळे एकाकडे गेलं की दुसऱ्याकडे पाठवतात. सरळ माहिती अधिकारात दोन अर्ज टाका, 10 रुपये फी, 30 दिवसांत उत्तर द्यावं लागतं. 'सिग्नल खराब का' असं विचारू नका, 'का'चं उत्तर मिळत नाही, कागद मागा. चालू टायमिंग प्लॅनची प्रत, शेवटची वाहन मोजणी कुठल्या तारखेची आहे ती, पादचाऱ्यांना दिलेले सेकंद, देखभालीच्या कराराची मुदत, आणि बिघाड किती तासांत दुरुस्त करायचा आणि नाही केला तर दंड किती ही अट. मोजणीची तारीख आली की त्याच कागदावर नव्या सिग्नलच्या उद्घाटनाची तारीख लिहा आणि दोन्हीची झेरॉक्स तुमच्या नगरसेवकाला द्या.